‘सर्व्हर डाऊन’ म्हणजे काय?

“सर्व्हर डाऊन आहे, उद्या या.” आमच्या लाखांदूर भागात हे वाक्य आता लहान पोरांनाही पाठ झाले आहे. धान विकायचे असो, दाखला काढायचा असो की शिष्यवृत्ती मिळवायची असो, आधी ऑनलाइन नोंदणी! आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मीच पहिली. त्यामुळे शेजारपाजारचे अर्जही माझ्याकडेच येतात.

ऐन रोवणीच्या दिवसांत एका अर्जासाठी आई माझ्याबरोबर केंद्रावर आली. मुदत संपायला दोन दिवस उरले होते. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत पडद्यावर नुसते चक्र फिरत राहिले. परतताना आई म्हणाली, “आजची रोजी तर बुडाली. उद्याची बी बुडन का?” मला उत्तर देता आले नाही. म्हणून हा विषय समजून घेतला. तोच आपणापुढे मांडते.

सर्व्हर म्हणजे दूर कुठेतरी ठेवलेला मोठा संगणक. आपण बटण दाबले की त्याच्याकडे निरोप जातो. तो माहिती तपासतो, नोंदवहीत लिहितो आणि पोचपावती देतो. एका वेळी किती निरोप हाताळायचे याला मर्यादा असते. त्याहून जास्त आले की बाकीचे ताटकळतात. ताटकळलेला माणूस पुन्हा पुन्हा बटण दाबतो आणि एका अर्जाचे चार निरोप होतात. सर्व्हर बहुधा बंद पडलेला नसतो; गर्दीत गुदमरलेला असतो.

यावरचा पहिला उपाय म्हणजे रंगीत तालीम. संकेतस्थळ उघडण्यापूर्वी लाखो खोटे अर्ज पाठवून ते कुठे अडते हे पाहता येते. अमेरिकेत 1 ऑक्टोबर 2013 रोजी आरोग्य विम्यासाठी सरकारी संकेतस्थळ सुरू झाले. तालीम अपुरी होती. पहिल्या दिवशी अवघ्या 6 जणांची नोंदणी पुरी झाली! शिवाय विम्याच्या किमती नुसत्या पाहायच्या तरी आधी खाते उघडावे लागे. त्यामुळे पाहणारे आणि भरणारे एकाच दारात अडकले. माहितीचे पान आणि अर्जाचे पान वेगळे हवे, हा त्यातला धडा.

दुसरा उपाय म्हणजे जादा यंत्रे. सुगीला आपण जादा मजूर लावतो, तशी गर्दीपुरती यंत्रे भाड्याने घेता येतात. पण खिडक्या दहा आणि नोंदवही एकच असेल, तर रांग वहीपाशी तुंबते. म्हणून अर्ज आधी स्वीकारून पावती द्यावी आणि छाननी सावकाश करावी.

तिसरा उपाय रांगेचा. आपल्या वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाला 33 दरवाजे आहेत. पात्राला झेपेल तेवढेच पाणी सोडावे लागते, नाहीतर काठच्या गावांचे काय होते हे आपल्याला कोणी सांगायला नको. संकेतस्थळानेही तसेच करावे: “तुमच्यापुढे इतके जण आहेत, इतका वेळ लागेल” असे सांगून नंबर राखून ठेवावा.

चौथा उपाय यंत्रातला नाही, नियमातला आहे. ‘माझी लाडकी बहीण’ योजनेचे अर्ज 1 जुलै 2024 पासून सुरू झाले, तेव्हा मुदत फक्त 15 जुलैपर्यंत होती. दाखल्यांसाठी तहसील कार्यालयांत झुंबड उडाली. लगेच मुदत 31 ऑगस्टपर्यंत वाढवली गेली. पिवळ्या आणि केशरी रेशनकार्डधारकांना उत्पन्नाच्या दाखल्यातून सूट मिळाली. अधिवास प्रमाणपत्राऐवजी 15 वर्षांपूर्वीचे रेशनकार्ड किंवा शाळा सोडल्याचा दाखलाही चालू लागला. 2025 मध्ये याच योजनेच्या ई-केवायसीची मुदतही 18 नोव्हेंबरवरून 31 डिसेंबरपर्यंत न्यावी लागली. मुदतवाढ चांगलीच, पण ती मुदत संपत आल्यावर जाहीर झाली, तर तोवर ज्यांच्या रोज्या बुडायच्या त्या बुडालेल्या असतात. त्यापेक्षा जिल्हावार किंवा आधारच्या शेवटच्या अंकानुसार दिवस आधीच वाटून दिले तर?

आपणही शेवटच्या दिवसाची वाट पाहू नये, पावती येईपर्यंत सारखे बटण दाबू नये आणि अर्ज क्रमांक लिहून ठेवावा.

आईचा अर्ज शेवटच्या दिवशी रात्री भरला गेला. सरकारी आकडेवारीत तो ‘एक अर्ज’ म्हणून मोजला गेला असेल. त्यापायी बुडालेल्या तिच्या तीन रोज्या मात्र कोणत्याच रकान्यात नाहीत. त्या ज्या दिवशी मोजल्या जातील, त्या दिवशी तयारी पुरी झाली असे मी म्हणेन.