ईदचा फाया : लिंबाचा की नारंगीच्या फुलांचा?

ईद उन्हाळ्याच्या तोंडावर आली, की गिऱ्हाईक उद, कस्तुरी बाजूला सारून ताजा, आंबटसर वास मागतं. अत्तरवाला दोन कुप्या पुढे करतो : लिंबू आणि नेरोली.

लिंबाचं तेल साल दाबून काढतात. वास झटकन दरवळतो, लवकरच विरतो. ते तसंच अंगाला लावून उन्हात गेल्यास त्वचेवर डागही पडू शकतात. नेरोली कडू नारंगीच्या फुलांतून वाफेवर काढतात. किलोभर तेलाला सुमारे टनभर फुलं लागतात, म्हणून ती महाग. अगदी स्वस्तात मिळाली तर ती बहुधा कृत्रिमच.

मग घ्यावं काय? ईदच्या नमाजपुरतं लिंबू रुमालाला पुरे. दिवसभर गळाभेटी असतील, तर कानात नेरोलीचा फाया. शीरखुर्म्याला आलेल्या शेजाऱ्याच्या सदऱ्याबरोबर तो वास त्याच्याही घरी जातो.