आफ्रिकेचा पाहुणा, कुनोचे रान

चित्ता आणि बिबट्या यांत आपल्याकडे सर्रास गल्लत होते. बिबट्याच्या अंगावरचे ठिपके फुलासारखे, मध्ये पोकळ असतात. चित्त्याचे ठिपके भरीव व काळे असतात. डोळ्यापासून तोंडाकडे उतरणारी काळी रेघ ही चित्त्याची पक्की खूण. ‘चित्ता’ हा शब्द संस्कृत ‘चित्रक’वरून आला आणि इथूनच इंग्रजीत गेला. नाव जगभर झाले, प्राणी मात्र आपल्या देशातून नाहीसा झाला. १९५२ साली तो भारतातून नामशेष झाल्याचे सरकारने जाहीर केले. कोल्हापूर दरबारी पाळीव चित्त्यांकडून काळविटांची शिकार होत असे, हे पुष्कळांना ठाऊक असेल. देशी चित्ते मिळेनासे झाल्यावर तेथे ते आफ्रिकेतून आणवीत असत.

तोच आफ्रिकी चित्ता आज मध्य प्रदेशातील कुनो राष्ट्रीय उद्यानात मोकळा हिंडतो आहे. १७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियातून आठ आणि १८ फेब्रुवारी २०२३ रोजी दक्षिण आफ्रिकेतून बारा चित्ते आले. दोन्ही वेळा विमाने उतरली ती ग्वाल्हेरला. दिवाळीच्या सुट्टीत लष्करला आत्याकडे गेलो असता हे उद्यान पाहण्याचा योग आला. सोबत आत्तेभावाचा मित्र होता. तो मूळचा श्योपूर जिल्ह्यातला, त्यामुळे वाटाड्या घरचाच मिळाला. आम्ही पहाटे निघालो आणि शिवपुरी, पोहरी या मार्गाने टिकटोली फाटकाशी पोहोचलो.

कुनोचे रान आपल्या खानापूरकडच्या रानासारखे दाट नाही. करधई, खैर, सालई अशी कोरड्या मुलखातली झाडे आणि मधूनमधून उघडी कुरणे. कळपाने चरणारी चितळे पुष्कळ दिसली. चित्ता दिसला नाही. परंतु वाटेच्या मऊ मातीत त्याचे ठसे दिसले. मित्र जीपमधूनच बोट दाखवून म्हणाला, “नखं बघ. बिबट्या चालताना नखं आत ओढून घेतो, ह्याला ती पुरती ओढता येत नाहीत.” धावताना पाय घसरू नये म्हणून नखांची ही योजना. मात्र वेगासाठी त्याचे शरीर सडपातळ झाले, त्यामुळे बिबट्याशी झुंज देणे त्याला जड जाते. लपून झडप घालण्यापेक्षा पाठलाग करणे हा त्याचा धंदा, म्हणून त्याला मोकळे रान लागते.

ही मोकळी कुरणे आली कोठून? गीरच्या सिंहांना दुसरे घर असावे म्हणून १९९८ ते २००३ या काळात कुनोतील चोवीस गावे उठवण्यात आली. त्यांत बहुसंख्य सहरिया आदिवासी होते. त्यांच्या सोडलेल्या शेतांवर गवत माजले, गवतावर चितळे वाढली. १५ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सिंह हलवण्याचा आदेश दिला, तरी गुजरातचे सिंह अद्याप कुनोत आलेले नाहीत. मित्राचे आजोळ त्या चोवीस गावांपैकीच एक. तो म्हणाला, “आजोबांना सांगितलं होतं, सिंह येणार. आजोबा गेले, आणि आला चित्ता.” त्याच्या बोलण्यात राग नव्हता, पण हसूही नव्हते.

शिंदे सरकारच्या काळातही असा एक प्रयोग झाला होता. विसाव्या शतकाच्या आरंभी माधवराव महाराजांनी आफ्रिकेतून सिंह आणवून या बाजूच्या जंगलात सोडले. ते गुरांवर व माणसांवर तुटून पडू लागले आणि प्रयोग फसला. या वेळी तयारी पुष्कळ होती. गळ्यात रेडिओपट्टे होते, पशुवैद्य होते. तरीही २०२३ साली अनेक चित्ते दगावले. त्यांतील काही मृत्यूंचे कारण विचार करण्याजोगे आहे. विषुववृत्ताच्या दक्षिणेस जून ते सप्टेंबर हा थंडीचा काळ. शरीराला तीच सवय असल्याने चित्त्यांना ऐन आपल्या पावसाळ्यात दाट केस आले. पट्ट्याखाली ओल राहिली, जखमा झाल्या, त्यांत अळ्या पडल्या आणि रक्तात विष भिनले. प्राणी विमानाने काही तासांत येतो. त्याच्या अंगातले ऋतू मात्र इतक्या लवकर बदलत नाहीत.

जमेची बाजूही आहे. मार्च २०२३ मध्ये जन्मलेल्या चार बछड्यांपैकी तिघे उन्हाळ्यात गेले. उरलेली मादी मुखी माणसांच्या देखरेखीत वाढली आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये तिला स्वतःला पाच पिल्ले झाली. या मातीत जन्मलेल्या चित्त्याची ही पुढची पिढी.

आम्ही वाणिज्य शाखेचे विद्यार्थी ताळेबंद मांडताना देणी लपवत नाही. कुनोच्या ताळेबंदात चित्त्यांची संख्या जमेस धरावीच. पण ज्यांच्या शेतांवर आज ते गवत उभे आहे, त्या चोवीस गावांचे देणेही त्याच पानावर लिहिलेले असावे. त्यांच्या नातवंडांना या उद्यानातून रोजगार आणि मान मिळाला, तरच हा हिशेब जुळला असे म्हणता येईल.