जलपंप, बाह्यस्थ नौका एंजिनाचा

नावेच्या पिछाडीच्या आडव्या फळ्यावर बाहेरून अडकविलेल्या एंजिनास बाह्यस्थ एंजिन म्हणतात. ते थंड ठेवण्यासाठी समुद्राचे, खाडीचे किंवा नदीचे पाणी खेचून सिलिंडरांभोवती पोहोचविणारा पंप म्हणजे त्याचा जलपंप होय. मूळचे नॉर्वेचे ओले एव्हिनरूड यांनी १९०९ मध्ये अमेरिकेतील मिलवॉकी येथे अशा एंजिनांचे व्यापारी उत्पादन सुरू केले. भारतात १९८० नंतरच्या दशकात केरळच्या किनाऱ्यावरील पारंपरिक मासेमारी नावांवर ती मोठ्या प्रमाणावर बसविण्यात आली. महाराष्ट्रातही लहान मासेमारी नावांवर ती वापरतात.

मोटारगाडीप्रमाणे या एंजिनांना सामान्यतः प्रारक नसतो. बाहेरचे पाणी एकदा फिरवून पुन्हा बाहेर सोडले जाते. त्यामुळे पंप थांबल्यास उष्णता वाहून नेण्याचा दुसरा मार्ग उरत नाही. दट्ट्या सिलिंडरात आवळला जातो व नाव भर समुद्रात निकामी होते. यासाठी पंपाचे रबरी चक्र ते बिघडण्याची वाट न पाहता ठराविक मुदतीने बदलतात.

रचना व कार्य : पंप एंजिनाच्या खालच्या भागात, दंतचक्र पेटीच्या माथ्यावर असतो. उभ्या चालक दंडावर निओप्रीनसारख्या संश्लिष्ट रबराचे, लवचिक पात्यांचे चक्र धातूच्या लहान चावीने बसविलेले असते. यालाच कारागीर इंपेलर म्हणतात. त्याभोवतीची वाटी उत्केंद्री असल्याने फिरताना प्रत्येक पाते एका बाजूस दबते व दुसऱ्या बाजूस उलगडते. पाती उलगडताना पाणी आत ओढले जाते व दबताना नळीवाटे वर ढकलले जाते. मंद वेगात हा पंप धन विस्थापन पंपाप्रमाणे काम करतो. वेग वाढल्यावर पाण्याच्या दाबाने पाती भिंतीपासून दूर वाकतात व त्याचे कार्य मुख्यतः केंद्रोत्सारी पंपासारखे होते. पाण्याचा काही भाग एका छिद्रातून बारीक धारेच्या रूपाने बाहेर पडतो. ही दर्शक धार म्हणजे पंप चालू असल्याची खूण होय.

बिघाडाची कारणे : पंपातील पाणी वंगणाचेही काम करते. एंजिन पाण्याबाहेर कोरडे चालविल्यास घर्षणाने रबर अल्पावधीतच जळते. गाळ व वाळू यांमुळे पात्यांची टोके झिजतात, तसेच वाटीवर आणि तळाच्या अगंज पोलादी चकतीवर चरे पडतात. पावसाळ्यात नाव किनाऱ्यावर ओढून ठेवली असता दबलेली पाती तशीच वाकडी राहतात व रबर कडक होते. झीज हळूहळू होत असल्याने धार दिसत असूनही पुरवठा अपुरा असू शकतो. उलट, केवळ छिद्र तुंबल्यानेही धार बंद पडते. म्हणून प्रथम छिद्र साफ करून पाहतात. चक्राची तपासणी सामान्यतः दरवर्षी करतात. बदलण्याची मुदत निर्मात्याच्या पुस्तिकेत दिलेली असते. हंगाम सुरू होण्यापूर्वीचा काळ या कामास सोयीचा असतो.

बदलण्याची पद्धत : एंजिन चुकून सुरू होऊ नये म्हणून प्रथम स्पार्क प्लगच्या तारा काढतात. गिअर बदलणाऱ्या दांड्याचा जोड सोडवून व बोल्ट काढून खालचा भाग सरळ खाली उतरवितात. नंतर पंपाची टोपी, जुने चक्र, चावी, चकती व गॅस्केट क्रमाने काढून वाटी आणि चकती तपासतात. त्यांवर खोल चरे असल्यास त्याही बदलतात. जुन्या चक्राचे एखादे पाते तुटलेले आढळल्यास त्याचे सर्व तुकडे शोधणे आवश्यक असते. राहिलेला तुकडा वरच्या जलमार्गात अडकून नवा पंपही निरुपयोगी ठरवितो.

नव्या चक्रास साबणाचे पाणी किंवा ग्लिसरीन लावतात. खनिज तेलाने काही प्रकारचे रबर फुगते. चावी खाचेत नीट बसवून, चालक दंड त्याच्या नेहमीच्या दिशेने फिरवीत टोपी खाली दाबतात. बहुतेक एंजिनांत ही दिशा वरून पाहता घड्याळाच्या काट्यांप्रमाणे असते. त्यामुळे सर्व पाती योग्य बाजूस वळतात. खालचा भाग पुन्हा चढविताना पाण्याची नळी पंपाच्या रबरी तोंडात बसली आहे व गिअरचा दांडा जुळला आहे याची खात्री करतात. दंडाच्या कडेच्या खाचांना ग्रीज लावतात. परंतु माथ्यावर त्याचा थर ठेवीत नाहीत, कारण तो कोंडला जाऊन दंड पूर्ण वर बसू देत नाही.

शेवटी एंजिनाचा खालचा भाग पाण्याच्या पिंपात पुरेसा बुडवून एंजिन मंद वेगात चालवितात. थोड्याच वेळात दर्शक धार सुरू झाली नाही, तर एंजिन त्वरित बंद करून जोडणी पुन्हा तपासतात. खाऱ्या पाण्यातील वापरानंतर गोड्या पाण्याने जलमार्ग धुतल्यास क्षार साचत नाहीत. लांबच्या फेरीस जाणाऱ्या नावेवर एक सुटे रबरी चक्र व चावी ठेवणे हितावह असते.