फ्लायट्रॅप काळवंडला तर...

एखाद-दुसरा सापळा काळा पडणं साहजिकच. तीन-चार शिकारी पचवल्या की तो झडतोच. सगळं रोप काळवंडलं तर मात्र आधी पाण्यावर संशय घ्या. व्हीनस फ्लायट्रॅप मूळचा अमेरिकेतल्या उत्तर आणि दक्षिण कॅरोलिनातल्या निकस, आम्लधर्मी, ओलसर जमिनीतला. वर्ध्याकडचं बोअरचं क्षारयुक्त पाणी आणि चुनखडीची काळी माती त्याला मारक. पावसाचं किंवा आरओचं पाणी द्या, पीट मॉस-परलाइटमध्ये लावा. शेणखत, युरिया अजिबात नको. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे धावतो, तेव्हा दुपारी हिरव्या नेटखाली ठेवा. हिवाळ्यात वाढ थांबते. ती विश्रांती, आजार नव्हे. आणि गंमत म्हणून बोटानं सापळे मिटवू नका! कंद पांढरा, टणक असेल तर रोप अजून जिवंत आहे, फेकू नका.