वरच्या सभागृहातले उत्तर आणि करंजाडे

आयर्लंडच्या वरच्या सभागृहात, म्हणजे शानडमध्ये, एक चांगली प्रथा आहे. बैठकीच्या दिवशी कामकाजाचा क्रम ठरवताना सदस्य उठून आपापल्या भागाचे प्रश्न मांडतात : रुग्णालयातली प्रतीक्षा, शाळेची बस, घरभाडे. शेवटी सभागृह नेता उभा राहतो आणि एकेका सदस्याला उत्तर देतो. हे ६० जणांचे सभागृह थेट जनतेने निवडलेले नसते. तरीही ४ ऑक्टोबर २०१३ च्या सार्वमतात ते बरखास्त करण्याचा प्रस्ताव आयरिश मतदारांनी थोड्या फरकाने का होईना, फेटाळला.

महाराष्ट्राच्या विधान परिषदेत ७८ सदस्य आहेत : ३० आमदारांनी निवडलेले, २२ स्थानिक प्राधिकारी संस्थांचे, ७ पदवीधरांचे, ७ शिक्षकांचे आणि १२ राज्यपालनियुक्त. इथे सभागृह नेता रोज प्रत्येकाला उत्तर देत नाही. तारांकित प्रश्न, लक्षवेधी, औचित्याचा मुद्दा अशा वाटांनी विषय येतो, उत्तर त्या खात्याचा मंत्री देतो. विषय अनेक खात्यांत अडकला किंवा सदस्यांचे समाधान झाले नाही, की सभागृह नेत्याच्या शब्दाला वजन येते.

पनवेलला खेटून, गाढी नदीजवळ सिडकोने वसवलेल्या करंजाडेला हे सगळे का कळायला हवे? ऑक्टोबर २०१६ मध्ये पनवेल महानगरपालिका झाली. खारघर, कामोठे, कळंबोली तिच्यात गेले. करंजाडे बाहेर राहिले. इथे इमारती शहराच्या आणि कारभार सिडको व ग्रामपंचायत यांच्यात वाटलेला. पाणी कमी आले की सोसायटीने नेमके कोणाचे दार ठोठावायचे, हा इथला नेहमीचा प्रश्न. शेजारच्या पुष्पकनगर-वडघर पट्ट्यात चिंचपाडा, कोल्ही, कोपर अशा विमानतळबाधित गावांतली कुटुंबे आली. त्यांच्या जमिनींवर उभ्या राहिलेल्या नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले. जमिनीच्या बदल्यात विकसित भूखंड मिळवण्यासाठी या परिसराने मोठी किंमत मोजली आहे : दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या जानेवारी १९८४ च्या आंदोलनात गोळीबार झाला आणि ५ जण हुतात्मा झाले.

डिसेंबर २०२४ मध्ये विधान परिषदेचे सभागृह नेतेपद एकनाथ शिंदे यांच्याकडे आले. नगरविकास खातेही त्यांच्याकडे, आणि सिडको त्याच खात्याखाली. म्हणजे करंजाडेच्या पाण्यावर परिषदेत प्रश्न आला, तर उत्तर देणारा आणि ते अमलात आणू शकणारा एकच. अशा वेळी ‘माहिती घेऊन सांगतो’ एवढ्यावर सुटका होऊ नये. मंत्र्याने सभागृहात दिलेला शब्द आश्वासन म्हणून नोंदला जातो, आणि आश्वासन समिती त्याचा पाठपुरावा करू शकते.

या सभागृहातून मोठे काम होऊ शकते, याचा पुरावा घरातच आहे. वि. स. पागे १९६० ते १९७८ परिषदेचे सभापती होते. ग्रामीण माणसाला हक्काचे काम मिळावे, हा त्यांचा ध्यास. सांगली जिल्ह्यातल्या विसापुरात प्रयोग झाला, १९७२ च्या दुष्काळात त्याची गरज साऱ्या राज्याला पटली, आणि १९७७ चा रोजगार हमी कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. २००५ च्या केंद्रीय कायद्याची पायवाट इथूनच गेली.

पण प्रश्न विचारायला आपला सदस्य लागतो. रायगड-रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या स्थानिक प्राधिकारी जागेची मुदत २०२४ मध्ये संपली, तेव्हा रायगड जिल्हा परिषदेवर प्रशासक होता. पुरेसे मतदारच नव्हते, तर निवडणूक कुठून होणार? शिवाय या जागेसाठी ग्रामपंचायत सदस्याला मत नसते. करंजाडेकराला थेट मत देता येते ते कोकण पदवीधर आणि कोकण शिक्षक या दोनच मतदारसंघांत. त्यांच्या याद्या दर निवडणुकीला नव्याने तयार होतात. मागच्या वेळी नाव होते म्हणून या वेळी ते आपोआप येत नाही. पदवी मिळून ३ वर्षे झालेल्याला नमुना १८ भरावा लागतो, पात्र शिक्षकाला नमुना १९.

करंजाडेत नोकरदार पदवीधर घरोघरी आहेत. प्रत्येक सोसायटीने एक रविवार या नोंदणीला द्यावा, आणि मत मागायला येणाऱ्या उमेदवाराला विचारावे : आमच्या पाण्याचा प्रश्न परिषदेत कधी मांडाल, आणि मिळालेल्या आश्वासनाचे पुढे काय झाले ते आम्हाला कधी सांगाल? यादीत हजारो नावे असलेल्या वसाहतीला टाळणे कोणत्याही सदस्याला परवडणार नाही, आणि त्याने धरून ठेवलेला प्रश्न टाळणे सभागृह नेत्यालाही सोपे जाणार नाही.