प्रेक्षकाला आसनावरून उठवणारी कला

नवकला ही मूठभर रसिकांची मिरास, तर राजकीय चळवळ ही बहुजनांची निकड, असा एक समज रूढ आहे. या दोहोंची गाठ पडली की कला प्रचाराची बटीक होते, असेही म्हटले जाते. हा समज कितपत खरा, हे पाहण्यास १९६८ सालचा अर्जेंटिना हे उत्तम उदाहरण आहे.

जून १९६६ मध्ये तेथील लष्कराने निवडून आलेले सरकार उलथून जनरल ओंगानिया यांच्या हाती सत्ता दिली. त्याच वर्षी तुकुमान प्रांतातील अनेक साखर कारखाने बंद करण्यात आले आणि हजारो कामगार देशोधडीला लागले. सरकारी प्रसिद्धी मात्र प्रांताच्या भरभराटीचे गोडवे गात होती. तेव्हा रोसारिओ आणि ब्युनॉस आयर्स येथील नवकलावंत तुकुमानला गेले. त्यांनी छायाचित्रे घेतली, मुलाखती ध्वनिमुद्रित केल्या, चित्रीकरण केले. आणि नोव्हेंबर १९६८ मध्ये रोसारिओ येथे ‘तुकुमान जळत आहे’ हे प्रदर्शन मांडले, तेही कलादालनात नव्हे, तर कामगार संघटनेच्या इमारतीत. येणाऱ्यास बिनसाखरेची कडू कॉफी दिली जाई. ठरावीक अंतराने दिवे मालवत. तो अंधार तुकुमानमधील बालमृत्यूची खूण होता. ब्युनॉस आयर्समध्ये हेच प्रदर्शन दडपणामुळे उघडताच बंद करावे लागले.

त्याच वर्षी फर्नांदो सोलानास आणि ओक्ताव्हिओ हेतिनो यांचा ‘भट्ट्यांची घटिका’ हा चार तासांहून अधिक लांबीचा चित्रपट पुरा झाला. जाहिरातींतील हसऱ्या चेहऱ्यांना कत्तलखान्यातील दृश्ये जोडणे, काळ्या पडद्यावर नुसती अक्षरे उमटवणे, ही त्याची रीत नवकलेचीच होती. मायदेशी तो घरांतून, संघटनांच्या जागांतून चोरून दाखविला जाई. मध्येच प्रक्षेपण थांबे आणि जमलेली माणसे चर्चा करीत. पकडले जाण्याची जोखीम पत्करून आलेला माणूस केवळ प्रेक्षक कसा राहील?

कडू घोट, अचानक पडलेला अंधार, थांबलेला पडदा: या तिन्ही युक्त्या पाहणाऱ्याची स्वस्थता मोडतात. येथे प्रयोगशीलता हा अलंकार नसून कार्याचे साधन आहे, आणि चळवळीला नुसत्या घोषणेने जे साधले नसते, ते तिने साधले.

याची किंमतही जबर होती. त्या प्रदर्शनातील अनेकांनी पुढे कित्येक वर्षे कलानिर्मितीच सोडली. १९७६ मध्ये लष्कर पुन्हा सत्तेवर आले, तेव्हा सोलानास व हेतिनो दोघांनाही देश सोडावा लागला. राज्यकर्त्यांना निरुपद्रवी कलेची भीती वाटत नसते. त्या कलेत किती बळ होते, याची साक्ष तिच्या विरोधकांनीच दिली, असे म्हणावयास हरकत नाही.