आमची की आपली?

उर्दूत 'हमारा' आणि इंग्रजीत 'अवर' असा एकच शब्द आहे. मराठीत मात्र त्यासाठी 'आमचा' आणि 'आपला' असे दोन शब्द आहेत. भंडारा शहराजवळून वैनगंगा वाहते. मुंबईच्या पाहुण्याला तुम्ही सांगाल, "ही आमची वैनगंगा." गावातल्या सोबत्याला म्हणाल, "ही आपली वैनगंगा." 'आमची' या शब्दात ऐकणारा येत नाही, 'आपली' या शब्दात तोही येतो.

मत मांडताना हे ध्यानात ठेवा. कोणी नदीत कचरा टाकत असेल, तर "तुमचे चुकते" असे एकदम म्हणू नका. "माझ्या मते आपल्या नदीत कचरा टाकू नये. तुम्हांला काय वाटते?" असे विचारा. मत स्पष्ट कळते आणि ऐकणाऱ्याचा मानही राहतो.